ठिपके जोडता जोडता सापडलेली चोरी

लपाछपी आठवतेय? ज्याच्यावर राज्य आलंय तो बोटांच्या फटीतून हळूच बघायला लागला, की कोणीतरी ओरडायचंच, "ए, चीटिंग!" मग राज्य परत. पंच नाही, कायदा नाही, तरी निकाल दोन मिनिटांत.

पण असाच खेळ टीव्हीवर गेला, की काय होतं? आजची गोष्ट १९५०च्या दशकातल्या अमेरिकेची.

जून १९५५मध्ये सीबीएसवर 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' सुरू झाला. साधी माणसं, अवघड प्रश्न आणि त्या काळात डोळे फिरतील अशी बक्षिसं. लोक वेडे झाले. मग एनबीसीनं सप्टेंबर १९५६मध्ये 'ट्वेंटी-वन' आणला. काचेच्या दोन खोल्या, दोन स्पर्धक, कानाला हेडफोन.

आता गंमत बघा. पहिला भाग अगदी प्रामाणिकपणे झाला, आणि पार आपटला! स्पर्धकांना उत्तरंच येईनात. प्रायोजक कंपनी भडकली. तेव्हा निर्माते डॅन एन्राइट यांनी उपाय काढला: उत्तरं आधीच सांगून टाकायची. फक्त उत्तरंच नाही बरं का, घाम कधी आणि कसा टिपायचा तेही शिकवायचं.

हर्ब स्टेम्पेल असाच जिंकत राहिला. पण निर्मात्यांना नवा, देखणा हिरो हवा होता: कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन. स्टेम्पेलला हरायला सांगितलं. प्रश्न होता, १९५५चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर 'मार्टी', स्टेम्पेलचा आवडता सिनेमा! तरी त्यानं ठरल्याप्रमाणे 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हटलं. व्हॅन डोरेननं पुढे १,२९,००० डॉलर जिंकले आणि 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला.

स्टेम्पेलनं नंतर सगळं सांगायचा प्रयत्न केला. पण हरलेल्याचं कोण ऐकतं? रडीचा डाव म्हणून सोडून दिलं.

मग चोरी सापडली कुठे? चक्क लहान मुलांच्या खेळात! 'डॉटो' नावाचा शो होता. कल्पना आपल्या 'ठिपके जोडा'ची. बरोबर उत्तर दिलं की ठिपके जोडले जायचे आणि हळूहळू एका प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा उमटायचा. १९५८मध्ये पडद्यामागे वाट बघणाऱ्या एका राखीव स्पर्धकाला जिंकणाऱ्या बाईंची वही दिसली. आत उत्तरं लिहिलेली! त्यानं पान फाडून घेतलं आणि तक्रार केली. ऑगस्टमध्ये 'डॉटो' अचानक बंद झाला. आता स्टेम्पेलचं बोलणंही लोकांना पटायला लागलं. ऑक्टोबरमध्ये 'ट्वेंटी-वन' गेला. २ नोव्हेंबर १९५९ला व्हॅन डोरेननं संसदेच्या उपसमितीसमोर कबुली दिली.

आणि खरा धक्का पुढेच आहे. असा शो आधीच ठरवून खेळवणं तेव्हा गुन्हाच नव्हता! खटले झाले ते ग्रँड ज्युरीसमोर खोटं बोलल्याबद्दल. शो फिक्स करण्याविरुद्ध कायदा आला तो १९६०मध्ये.

पण कायद्यानं भरवसा परत येत नाही. मर्व्ह ग्रिफिन यांना नवा क्विझ शो करायचा होता, पण क्विझ म्हटलं की लोकांना फसवणूकच आठवायची. त्यांच्या पत्नी ज्युलॅन म्हणाल्या, मग उत्तरं आपणच देऊ, स्पर्धकांनी प्रश्न ओळखायचा! यातूनच १९६४मध्ये 'जेपर्डी' आला. १९७५मध्ये ग्रिफिन यांनीच 'व्हील ऑफ फॉर्च्यून' काढला. त्याचं मूळ हँगमन, म्हणजे लहानपणी ते बहिणीबरोबर खेळायचे तो एकेक अक्षर ओळखायचा खेळ. १९६६चा 'हॉलिवूड स्क्वेअर्स' तर सरळ फुल्ली-गोळाच!

या खेळांची मजा काय, तर पाटी सगळ्यांसमोर असते. घरी बसलेली आजीसुद्धा स्पर्धकाच्या आधी शब्द ओळखू शकते. अर्थात, सोपा खेळ म्हणजे प्रामाणिक खेळ असं नाही. 'डॉटो'ही सोपाच होता की. खेळ प्रामाणिक राहतो, कारण कोणीतरी जवळून बघत असतं आणि दिसलं ते बोलतं.

आज खेळ आपल्या फोनमध्ये आहे आणि तिथे आपण एकटेच असतो. मग "ए, चीटिंग!" कोण ओरडणार? विचार करा. भेटू पुढच्या भागात!