पडद्यावरचा गोलरक्षक

१९८१ सालच्या ‘एस्केप टू व्हिक्टरी’ या चित्रपटातला सामना नाझीव्याप्त पॅरिसमध्ये होतो; चित्रण मात्र बुडापेस्टच्या मैदानावर झाले. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी पेले, बॉबी मूर, आर्डिलेस अशा नामांकित खेळाडूंना युद्धकैदी म्हणून उतरवले; गोलरक्षक मात्र एक नट, सिल्वेस्टर स्टॅलोन! सामना ४-४ असा बरोबरीत सुटतो आणि प्रेक्षकांच्या गर्दीत मिसळून कैदी निसटतात.

कथेचे मूळ कीव्हमध्ये शोधले जाते. तेथे ९ ऑगस्ट १९४२ रोजी बहुतांशी बेकरीत राबणाऱ्या खेळाडूंच्या ‘स्टार्ट’ संघाने जर्मनांना ५-३ असे हरवले. सामना संपताच सर्वांना गोळ्या घातल्या, ही नंतरची दंतकथा. ती मला खटकते, कारण तिने खरे मृत्यू झाकले. अटकसत्र काही दिवसांनी सुरू झाले. एकाचा छळात अंत झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये सिरेत्सच्या छावणीत आणखी तिघांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत मिकोला त्रुसेविच होता, संघाचा गोलरक्षक.