आजीच्या शेळ्या आणि वतनाचे दप्तर

आमच्या घराण्याचा इतिहास धुंडाळू लागलो की दप्तरात दोनच गोष्टी सापडतात, महारकीचे वतन आणि कर्ज. आजीच्या शेळ्या कुठल्याच कागदावर नाहीत. आम्ही जगलो ते मात्र त्या शेळ्यांवर.

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी महारवाड्याला परसू नव्हते. परसू वाड्यांना असते. झोपडीमागे सात-आठ हात जागा, दोन खुंट्या, एक डालगे, बोराटीचे कुंपण. पावसाळ्यात करडे चुलीजवळ आमच्याबरोबरच निजत.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळ-श्वपचांना गावाबाहेर घातले आणि कुत्री व गाढवे एवढेच त्यांचे धन ठरवले. 25 डिसेंबर 1927 ला महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या परिषदेत त्यांनी मृत मांस सोडायला सांगितले होते. ते आमच्या गावापर्यंत पोचायला काही वर्षे गेली. आजोबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले आणि गावाने भाकर बंद केली. निर्धार पुरुषांनी बैठकीत केला. त्याची किंमत बायकांनी चुलीपाशी चुकवली. चळवळीविषयी लिहिताना आपण हे फारसे लिहिले नाही. या आपल्यात मीही आलो.

आजीला पहिली पाट मिळाली ती अर्धलीने. पाट बागायतदाराची, राखण हिची, करडे निम्मी-निम्मी. उस्मानाबादी काळी शेळी पाच महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळी देते, म्हणून हिशेब जमला. काही वेतांनंतर तिच्या स्वतःच्या चार शेळ्या झाल्या. तेव्हा गावाने गायरानात मज्जाव केला. शेळीने कुणाच्या बांधाला तोंड लावले की कोंडवाडा, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही. अंमलदार दौऱ्यावर आला की कोंबडी फुकट मागत. आजी डालग्यासकट कोंबड्या ओढ्यात नेऊन लपवी. मानमोडी आली की मग लपवायलाही काही उरत नसे.

1956 पर्यंत दर आषाढात एक बोकड मरीआईला जाई. धर्मांतरानंतर तो बाजारात जाऊ लागला. धम्माचा पहिला अर्थ आमच्या घरात असा आला. पोथी नंतर आली.

1 ऑगस्ट 1959 पासून महार वतने कायद्याने संपली. हाडकी-हाडवळ्याची जमीन पुन्हा नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरावे लागत. आजोबा कचेरीत हेलपाटे घालत. पैसे दोन शेळ्यांचे होते. सातबारावर नाव आजोबांचे लागले.

1972 च्या दुष्काळात वडील खडी फोडायला गेले. आजीने एक सोडून सगळ्या शेळ्या मिळेल त्या भावाला विकल्या. उरलेल्या एकीला ती बाभळीच्या शेंगांवर जगवत होती. पुढे मी मॅट्रिक झालो. तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या संस्थेने 1950 साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात जायचे ठरले. ट्रंक, अंथरूण आणि एसटीचे भाडे त्या शेळीच्या जुळ्या करडांतून निघाले. मला पोचवायला स्टँडवर सगळा वाडा आला होता. आजी आली नाही. तिची शेळी चारायची वेळ झाली होती.