रेडिएटरमधली पातळ भिंत

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मोटारीला पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेल्यातली बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि बाकीची पाण्याला वाहून न्यावी लागते. अगदी सुरुवातीच्या मोटारींत हे पाणी सरळ उकळून उडू दिले जाई. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचे पाणी तापायचे, त्याची वाफ व्हायची आणि जाताना ती उष्णता घेऊन जायची. पाणी उकळीला आणण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक त्याची वाफ होताना शोषली जाते. म्हणून ही पद्धत साधी असली तरी समर्थ होती. १८८८ साली बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, त्या शंभर किलोमीटरहून अधिक वाटेवर तिला वारंवार पाणी भरावे लागले. पाणी कमी होणे हा तेव्हा बिघाड नव्हता. गाडी थंड राहण्याची ती रीतच होती.

तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, ही कल्पना नीट साधली विल्हेल्म मायबाखला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या शेजारी शेजारी डाखवून त्यांतून वारा आणि त्यांच्या फटींतून पाणी खेळवले. पाण्याची गरज जवळपास निम्म्यावर येऊन सुमारे नऊ लिटरांवर भागले. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली. तिच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकला गेला. गरम पाणी आपोआप वर चढते आणि थंड खाली बसते, एवढ्यावरच लक्षावधी मॉडेल टी धावल्या. चढावर मात्र त्या उकळत आणि वाफ झाकणातून उघड्यावर जाई.

बर्फाळ देशांत त्याच्या जोडीला पाणी गोठून इंजिनाचा बीड तडकण्याचे भय होते. त्यावर पाण्यात मद्यार्क मिसळत, पण तो तापला की पाण्याआधी उडून जाई. १९२७ मध्ये अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले आणि हा प्रश्न सुटला. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले, तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळते १०६ अंशांच्या पुढे. पुढे दाबाचे झाकण आले. झाकणातली स्प्रिंग आतला दाब साधारण एका वातावरणाने वाढू देते, त्यामुळे उकळबिंदू आणखी वीसेक अंशांनी वर सरकतो. शेवटी बाजूची प्लास्टिकची बाटली आली. तापून फुगलेले पाणी तिच्यात जाते आणि इंजिन निवले की झाकणातल्या झडपेतून परत खेचले जाते. या बंद व्यवस्थेत पाणी घटायचे कारणच उरत नाही. पातळी उतरली, तर ते कुठून तरी जात आहे, हे निश्चित.

महाराष्ट्राला या इतिहासाचा जुना टप्पा फार उशिरापर्यंत अनुभवायला मिळाला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बोरघाट चढताना तापायची. बॉनेट उघडून कडेला थांबलेल्या गाड्या हे खंडाळ्याच्या चढावरचे नेहमीचे दृश्य होते. डिकीत पाण्याचा कॅन ठेवण्याची सवय तेव्हापासूनची. कडाक्याची थंडी नसल्यामुळे रेडिएटरमध्ये नळाचे पाणी घालणे इथे कुणाला गैर वाटले नाही. परंतु गंजरोधक नसलेले पाणी बीड, तांबे आणि ॲल्युमिनियम हळूहळू खात राहते. नळ्यांत क्षार साचतात आणि गळतीची सुरुवात बाहेर थेंब दिसण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. ‘गाडी पाणी खाते’ ही तक्रार मेकॅनिककडे जाते ती त्यानंतर.

पाण्याच्या या कहाणीत तेल शिरले ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये १९४० च्या ओल्डस्मोबिलसाठी ‘हायड्रामॅटिक’ जाहीर केला. त्याच्या मुळाशी हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली कल्पना होती: दोन पंखे समोरासमोर ठेवायचे आणि मधल्या द्रवाने एकाची गती दुसऱ्याला द्यायची. ही जोडणी मऊ खरी, पण दोन पंख्यांच्या वेगातला जो फरक असतो त्याची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. चढावर किंवा मागे ओझे असताना हे तेल फार तापते, करपते आणि क्लचच्या चकत्या निसटू लागतात.

त्यावर रूढ झालेला उपाय काटकसरीचा होता. रेडिएटरच्या थंड बाजूच्या टाकीत पितळेची एक नळी, म्हणजे तेलाचा कूलर, बसवायची आणि गिअरबॉक्सचे तेल तिच्यातून फिरवायचे. वेगळा पंखा नको, वेगळी जागा नको. शिवाय थंडीत तेच पाणी तेलाला लवकर ऊब देते. कल्पना हुशारीची होती, यात शंका नाही. मात्र एकमेकांना कधीही भेटू नयेत असे दोन द्रव तिने एका पातळ धातूच्या दोन बाजूंना आणून ठेवले. गाडी नवी असताना हा धोका जाणवत नाही. गाडी म्हातारी होऊ लागली की तोच सर्वांत महाग ठरतो.

या भिंतीला तेलानेही दगा दिला आहे. गिअरबॉक्सच्या जुन्या तेलांत स्पर्म देवमाशाचे तेल मिसळलेले असे. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त ठरवला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. त्या दशकाच्या पहिल्या वर्षांत निघालेल्या एका नव्या डेक्सरॉन तेलातला गंजरोधक रेडिएटरमधल्या कूलरचे पितळच कुरतडू लागला, म्हणून तेलाचे सूत्र पुन्हा बदलावे लागले. दुसऱ्या बाजूने तांबे-पितळेचे रेडिएटर मागे पडून ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. त्या हलक्या आणि स्वस्त, पण प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ठिसूळ होते, तर ॲल्युमिनियमचे रक्षण संपूर्णपणे कूलंटमधल्या, म्हणजे पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणातल्या, रसायनांवर अवलंबून असते. कूलंट वेळेवर बदलले नाही, तर ती रसायने संपतात.

सर्वांत गाजलेले उदाहरण निस्सानचे आहे. २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअर या गाड्यांत रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट थेट गिअरबॉक्समध्ये जाऊ लागले. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि रेडिएटरवरची हमी वाढवली गेली. दुखणे रेडिएटरचे असले तरी प्राण जाई गिअरबॉक्सचा, कारण चकत्यांवरचे कागदी अस्तर ज्या चिकट द्रव्याने धरलेले असते ते पाणी आणि ग्लायकॉलने सुटते.

हा बिघाड ओळखायला दाबाची दिशा समजून घ्यावी लागते. इंजिन चालू असताना पंपामुळे तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असू शकतो. भेगेतून तेल पाण्यात जाते आणि बाटलीत गुलाबी-तपकिरी साय जमते. इंजिन बंद होताच तेलाचा दाब संपतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. मग उलटा प्रवाह सुरू होतो आणि कूलंट तेलात उतरते. अनेकदा गाडी उभी असतानाच जास्त नुकसान होते ते यामुळे. जमिनीवर एक थेंब पडत नाही, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत नाही, तरी पातळी घटत राहते. पहिले लक्षण बहुधा मध्यम वेगाला, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडीला येणारी थरथर हे असते.

तपासाचा क्रम बाहेरून आत जातो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा पाहतात. काटा उतरला, तर आधी होज पाइप, वॉटर पंपाखालचे छोटे भोक, टाकीचे सांधे आणि हीटरखालचा गालिचा तपासायचा. सगळे कोरडे असेल, तर गळती आत आहे. हेड गॅस्केट गेल्याचा संशय असल्यास रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या रसायनातून ओढतात. जळणाचा वायू असला की ते पिवळे पडते. इंजिन ऑइल दुधाळ झाले, तर बोट गॅस्केटकडे किंवा इंजिन ऑइलच्या कूलरकडे जाते. गिअरबॉक्सचे तेल गुलाबी आणि दुधाळ झाले, तर रेडिएटरमधल्या कूलरकडे. रंगावर मात्र विसंबू नये, कारण काही कूलंटही लाल किंवा गुलाबी असतात. संशयित थेंब पाण्यात सोडावा: कूलंट विरघळते, तेल तरंगते. जीभ लावून पाहणे कटाक्षाने टाळावे. ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. खात्री करण्यासाठी कूलरचे दोन्ही पाइप सोडवून एक तोंड बंद करतात, दुसऱ्यातून हवेचा दाब देतात आणि पाण्याने भरलेल्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहतात.

बुडबुडे आले, तर रेडिएटर बदलण्याला पर्याय नाही. मिश्रण नुकतेच झाले असेल, तर तेल अनेकदा बदलून गिअरबॉक्स वाचू शकतो. गाडी तशीच चालवली गेली असेल, तर तो खोलावाच लागतो. जुनी गाडी सांभाळणारे अनेक जण रेडिएटरमधली नळी वगळून वाऱ्यावर थंड होणारा वेगळा कूलर पुढे बसवतात. उष्ण हवेच्या प्रदेशात ही दुरुस्ती रास्त आहे, कारण तेलाला ऊब देण्याची गरज तिथे नगण्य असते. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्यांना हा प्रश्न पडत नाही. तो साधाच गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे द्रवातून गती देणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत अलीकडे गिअरबॉक्सवरच बसवलेला चकत्यांचा छोटा कूलर दिसतो. त्यातही एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला कूलंटच असते. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत कूलंट बदलणे त्या गाड्यांनाही चुकत नाही.