भट्टी विझवायला लावणारा कायदा

२३ मे २०२४. दुपारी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रासायनिक कंपनीत स्फोट झाला आणि काही मिनिटांत व्हिडिओ फिरायला लागले. काळ्या धुराचा लोट, फुटलेल्या काचांचा खच, रस्त्यावर धावत आलेली माणसं. मथळा सगळीकडे एकच होता: 'बॉयलरचा स्फोट'. नंतर समोर आलं, की फुटला तो बॉयलर नव्हे, रिअॅक्टर. मृतांचा आकडा तोवर वाढतच होता. तो दहाच्या वर गेला. याच एमआयडीसीत २६ मे २०१६ ला झालेल्या स्फोटात बारा माणसं गेली होती.

बॉयलर असो नाहीतर रिअॅक्टर, गेलेल्या माणसाच्या घरच्यांना त्याचं काय? काहीच नाही. पण कायद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एक भांडं वर्षातून एकदा थंड करून, उघडून, सरकारमान्य तज्ज्ञाला दाखवावंच लागतं. दुसऱ्याला बॉयलरचा हा कायदा लागू होत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षांहून थोडं मागे जावं लागेल.

त्याआधी दोन मिनिटं स्वयंपाकघरात जाऊ. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर तापतं, कारण वाफेला बाहेर जायला वाट नसते. शिट्टी अडकलीच, तर झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट करून देतो. बॉयलरचं तत्त्व हेच, फक्त दाब आणि आकार कितीतरी मोठा. वातावरणाच्या दहापट दाबाखाली पाणी साधारण १८० अंशांना उकळतं. अशा वेळी पत्रा फाटला, तर आतलं पाणी नुसतं सांडत नाही. त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या शेकडो पट जागा मागते. भिंती पडतात, छप्पर उडतं, ते या वाफेमुळे. बहुतेक वेळा कारण साधंच असतं: पाण्याची पातळी खाली गेलेली, नळ्यांवर क्षाराचा थर चढलेला, पत्रा गंजून पातळ झालेला, किंवा वाफ वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी व्हॉल्व्हच दाबून ठेवलेला.

१८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि अनेक जीव गेले. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, बंगालच्या कौन्सिलने कलकत्ता शहर आणि उपनगरांतल्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले.

आता हे साल लक्षात ठेवा. १८६४ मध्ये या देशात बॉयलरची तपासणी कायद्याने सुरू झाली. बॉयलरशेजारी उभं राहून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माणसासाठी मात्र तेव्हा कसलाच कायदा नव्हता. तो किती तास राबतो, किती वर्षांचा आहे, त्याचा हात पट्ट्यात सापडला तर पुढे काय, हे विचारायचा अधिकार कोणालाच नव्हता. यंत्राला संरक्षण आधी मिळालं, कारण यंत्र फुटलं की मालकाची इमारत पडते आणि शेजाऱ्याचीही. कामगाराचं बोट तुटलं तर बदलीवाला दारात उभाच असायचा.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ च्या सुमाराला ताडदेवची गिरणी सुरू झाली. वीस वर्षांत धुरांड्यांची रांग लागली. कोकणातून, घाटावरून माणसं आली. काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. यंत्र आणि खात्यातले साचे यांना जोडणारे चामडी पट्टे उघडेच फिरायचे. फिरत्या यंत्राखाली सफाईला लहान मुलं, कारण त्यांचे हात आत जातात.

१८७५ मध्ये मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलं. त्यातल्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरजच वाटली नाही. कायदा व्हावा म्हणून दडपण होतं ते दोन बाजूंनी. एक लँकेशायरच्या गिरणीमालकांचं. मुंबईचं स्वस्त सूत त्यांना सलत होतं. दुसरे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे इथले सुधारक. त्यांनी स्वतः मसुदा तयार करून सरकारमागे लकडा लावला होता. शेवटी १८८१ मध्ये फॅक्टरी ॲक्ट आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं, अपघात कळवायचा. कायदा लागू होता तो शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला. नव्वद माणसं असतील तर प्रश्नच मिटला. आणि खास निरीक्षक नेमला नसेल तर ते काम जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटकडे. महसूल, दंगे, दुष्काळ सांभाळून उरलेल्या वेळात त्याने गिरणीत जाऊन पट्ट्यांची कुंपणं बघायची.

या कायद्यात काय नाही, हे कामगारांनीच दाखवून दिलं. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरही होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हवा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली आणि लोखंड्यांचं नाव निघालं की आपल्याला तीच आठवते.

पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. ही मागणी पुढे बराच काळ तशीच पडून राहिली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले.

दरम्यान कायदा कागदावर सुधारत गेला. १८९१ मध्ये शंभरचे पन्नास झाले, मुलांचं किमान वय नऊ झालं. पण १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनला दिसलं ते असं, की मुलांविषयीची कलमं सर्रास मोडली जात होती आणि दुसरी नोकरी सांभाळून फावल्या वेळात करायची तपासणी निरुपयोगी ठरली होती. कायदा होता, पण तो पाळला जातो का हे बघायला दारात कोणी नव्हतं.

मग आलं १९२३. प्रांतोप्रांतीच्या बॉयलर कायद्यांत मेळ नव्हता. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्यात नापास व्हायचा. म्हणून सगळ्यांच्या जागी एकच इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. त्याच १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदाही झाला आणि १ जुलै १९२४ ला अमलात आला. लोखंड्यांच्या अर्जाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. यंत्र फुटू नये याची तरतूद आणि माणूस जायबंदी झाला तर द्यायची रक्कम, दोन्ही एकाच वर्षी ठरल्या.

बॉयलरच्या कायद्याची ताकद कशात आहे, ते बघा. प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो त्याच्या अंगावर कोरावा लागतो. प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं. नूतनीकरणासाठी भट्टी विझवायची, बॉयलर थंड करायचा, आतून साफ करून उघडा ठेवायचा. निरीक्षक आत शिरून पत्रा बघतो, नळ्या बघतो. मग बॉयलर पाण्याने गच्च भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणीच का? कारण पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही; कुठे फाटलंच तर नुसतं गळतं, स्फोट होत नाही. आणि अपघात झाला तर चोवीस तासांत कळवायचा.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी पहिली: भट्टी विझवायची. उत्पादन थांबवल्याशिवाय ही तपासणी होऊच शकत नाही. साहेबाला केबिनमध्ये चहा पाजून, फाइल दाखवून भागत नाही. भागवणारे भागवतातही, पण त्यासाठी खोटेपणा उघडपणे करावा लागतो. मालकाला वर्षातून एकदा थांबायला लावणारा कायदा म्हणून तो टिकला.

कारखान्याच्या बाकीच्या भागाचं तसं नाही. १९४८ चा कारखाने कायदा चांगला विस्तृत होता. पण बॉयलर म्हणजे काय, तर जे भांडं स्वतःबाहेर वापरण्यासाठी वाफ तयार करतं ते. रसायनांची प्रक्रिया ज्यात चालते तो रिअॅक्टर या व्याख्येत बसत नाही. दाब त्यातही असतो, उष्णताही असते, शिवाय विष असतं. आपल्या राज्यात बॉयलर बघणारं बाष्पके संचालनालय वेगळं आणि कारखाना बघणारं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय वेगळं. गिरण्यांचा काळ संपला, रसायनांचा आला. धोका एका भांड्यातून दुसऱ्यात गेला. बॉयलरचा कायदा मात्र पहिल्या भांड्यापाशीच राहिला.

त्याची किंमत २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळने मोजली. तिथे विषारी वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. डिसेंबर १९८१ मध्येच त्या कारखान्यात फॉस्जीनमुळे एक कामगार गेला होता. १९८२ पासून पत्रकार राजकुमार केसवानी धोक्याबद्दल लिहीत होते. कारखाना थांबवण्याची वेळ कोणी आणली नाही. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांवर नवं प्रकरण आलं. धोक्याची माहिती मिळण्याचा, धोका जवळ दिसला तर वरिष्ठांना सांगण्याचा कामगाराचा हक्क तेव्हा प्रथम लिहिला गेला.

बॉयलरचा नेमही मोडता येतोच. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरचा स्फोट होऊन चाळीसहून जास्त माणसं गेली. भट्टीच्या तळाशी राख साचली होती आणि युनिट चालू ठेवून ती काढायचा प्रयत्न सुरू होता, असं तेव्हा बातम्यांत आलं. पुन्हा तेच. थांबायला हवं होतं, तेव्हा थांबले नाहीत.

२०२५ मध्ये हे सगळं नव्याने लिहिलं गेलं. १९२३ च्या कायद्याच्या जागी बॉयलर्स ॲक्ट २०२५ आला. जीव जाऊ शकेल अशा गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा ठेवून बाकीच्यांसाठी दंड ठेवला. नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 'कारखाना' म्हणवायला आता दहाऐवजी वीस कामगार लागतात. धोकादायक कामांसाठी सवड वेगळी ठेवली आहे, पण तपासणीची निवड आता संगणक करू शकतो, आणि निरीक्षकाच्या पदनामातच मालकाला मदत करण्याचं काम जोडलं आहे. इन्स्पेक्टर राज नको, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. त्या राजात पैसे खाल्ले गेलेच. पण १९०८ चं कमिशनही आठवायला हवं. दारात कोणीच येत नाही तेव्हा काय होतं, ते त्यात लिहिलेलं आहे.

तुमच्यापैकी कोणी एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागला असेल, कोणाचा भाऊ कंत्राटावर असेल. बॉयलर असेल तर त्याचं प्रमाणपत्र असतं. ते बघायला मागा, तारीख वाचा. मग रिअॅक्टर शेवटचा कधी उघडून तपासला, हे विचारा. उत्तर मिळायला वेळ लागला, तर तेही लक्षात ठेवा. आणि पुढच्या वेळी मथळ्यात 'बॉयलरचा स्फोट' दिसला, तर नक्की काय फुटलं आणि ते कोणी, कधी थांबवून बघितलं होतं, एवढं शोधल्याशिवाय तो फॉरवर्ड करू नका. साडेपाच हजार माणसांनी १८८४ मध्ये सही नाहीतर अंगठा देऊन विचारलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.