टर्बोचे दात

माळेगावच्या खंडोबाची यात्रा कंधारकरांना वेगळी सांगायला नको. तिथल्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक मालकाचं बोलणं ऐकून घेतं, पण बघतं मात्र घोड्याचे दात. वय तिथे लिहिलेलं असतं. आमच्या कंधारच्या मावसभावाला सध्या पिकअपसाठी जुना टर्बो घ्यायचाय. "तू इंजिनिअर ना, काय बघून घेऊ सांग," म्हणाला. मी सॉफ्टवेअरवाला, पण त्याला त्याचं काय! म्हणून वीकेंडला वाचायला बसलो. मंडळी, टर्बोलाही दात असतात, फक्त ते वाचायला त्याचा थोडा इतिहास माहीत हवा.

इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. पेटंट १९०५ चं. पण धड चालणारी यंत्रं जहाजांवर दिसायला वीस वर्षं लागली. 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डांझिग' या जर्मन जहाजांची इंजिनं १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली (अश्वशक्ती... म्हणजे परत माळेगावच). एवढा वेळ का लागला? कारण एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला थंड हवा आणि मधे भन्नाट फिरणारा एकच दांडा. हे सोसणारा धातू, बेअरिंग आणि ऑइलची सोय जमायला हवी होती.

दुखणं आजही तेच आहे. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. घाट चढून आलेली गाडी ड्रायव्हरने लगेच बंद केली की ऑइल थांबतं, पण उष्णता थांबत नाही. उरलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. वापरणाऱ्याची सवय टर्बोला कशी भोवते याची एक अमेरिकन गोष्ट आहे. १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोवाली कार आली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सतत भरावं लागे. लोक विसरायचे. शेवटी कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले!

आपल्याकडे २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि डिझेल गाड्यांत टर्बो सर्रास झाला. सर्रास झाला म्हणजे भंगारातही आला. तर भावाला मी सांगितलं ते असं.

धुऊनपुसून चकचकीत केलेला टर्बो दिसला की आधी संशय घे. दांडा बोटाने फिरव, अडकता कामा नये. मग एका बाजूला दाबून फिरव. थोडा आडवा प्ले चालतो, कारण ऑइल नसताना तो सैल वाटणारच. पण पंखा घराला घासला तर सोडून दे. दांडा आत-बाहेर ओढून बघ. तिथे हाताला हालचाल जाणवली तर बेअरिंग संपलंय. हवेकडच्या पंख्याच्या कडा झिजलेल्या असतील तर तो एअर फिल्टरशिवाय धूळ खात फिरलाय. धुराकडच्या पंख्याचा तुकडा उडाला असेल तर आधीच्या इंजिनातून काहीतरी सुटून आलं होतं. हवेच्या बाजूला ऑइलचा हलका ओलावा चालतो, थारोळं नाही. ऑइलच्या भोकात काळी खपली दिसली की जेटफायरवाल्यांचा भाऊबंद समजावा. आणि प्लेटवरचा नंबर आपल्या इंजिनाशी जुळतोय ना, ते बघ.

हे सगळं पैशापुरतं नाही. सील गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून सुसाट सुटू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. माणूस जवळ उभा असतो.

एवढं सांगून मी उलट त्यालाच विचारलं, की तुझा पहिला टर्बो गेला कशाने? ते कोणी बघितलंच नव्हतं. ऑइलचा पाइप आतून तुंबलेला असेल तर दुसरा टर्बोही त्याच वाटेने जाणार. म्हणून आधी तो पाइप बदलायचा, ऑइल आणि फिल्टर नवीन टाकायचे, नव्याने बसवलेल्या टर्बोत हाताने ऑइल ओतायचं, आणि स्टार्ट केल्यावर रेस न करता थोडा वेळ तसंच चालू द्यायचं.