तीन ओंजळी पाणी

परवा भाचीचा फोन आला. तिचं बाळ आता सहा महिन्यांचं झालंय. नवरा हिंदू, लग्न नोंदणी पद्धतीने झालेलं, घरात दोन्हीकडचे सण. बारसं अगदी झोकात झालं, आम्ही सगळे जाऊन गूळ-खोबरं खाऊन आलो. आता ताईने (म्हणजे तिच्या आईने) बाप्तिस्म्याचा लकडा लावलाय. भाची म्हणाली, "मावशी, तू एवढं वाचत असतेस, मला एकच सांग. डोक्यावर तीन ओंजळी पाणी घातल्याने नक्की बदलतं काय?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. "अगं, ती श्रद्धेची गोष्ट आहे" असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसले. (ताई, तूही वाचशीलच. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.)

संडेस्कूलमध्ये घोकलेलं उत्तर मला पाठ आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. योहान यार्देन नदीत लोकांना पाण्यात उतरवत असे, येशूनेही त्याच्याकडूनच बाप्तिस्मा घेतला. पौलाने त्याला आणखी खोल अर्थ दिला. पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाचं मरण, वर येणं म्हणजे नवा जन्म. आणि या नव्या जन्मात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट लोक बाप्तिस्मा म्हणतो, कॅथलिक मंडळी स्नानसंस्कार म्हणतात. शब्द वेगळे, पाणी तेच.

हे सगळं खरंच आहे. पण आपल्या महाराष्ट्रात बाप्तिस्म्याचा अर्थ काय होता हे मला धर्मशिक्षणाच्या पुस्तकापेक्षा इतिहासाने जास्त नीट शिकवलं.

आपल्याकडे धर्म बदलला असं कुणी म्हणत नसे, 'बाटला' म्हणत. लहानपणी शाळेत एक गोष्ट ऐकली होती, तुम्हीही ऐकली असेल. पोर्तुगीज पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायलं आणि गावच्या गाव बाटलं. गोष्ट खरी की खोटी हा मुद्दा सोडा. ती सांगणाऱ्यांच्या मनात धर्म कुठे राहत होता ते बघा. डोक्यात नाही, हृदयातही नाही, तर घशात! काय प्यायलात आणि कुणाच्या हातचं प्यायलात, यावर सगळं ठरायचं.

याचं एक अस्सल उदाहरण १८४३ सालचं आहे. मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा अल्पवयीन म्हणून कोर्टाने तो त्यांच्या ताब्यात दिला. आता गंमत अशी, की श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. त्याच्या डोक्यावर एक थेंबही पडला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. तेवढं पुरे होतं! त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मंडळींनी त्यांच्याविरुद्धच गहजब केला. चर्चच्या लेखी जो अजून आत आलाच नव्हता, तो जातीच्या लेखी केव्हाच बाहेर गेला होता.

बाहेर जाणं म्हणजे काय, ते सरकारच्या कायद्यांतूनही कळतं. धर्म किंवा जात सोडली म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडू नये यासाठी १८५० साली कायदा करावा लागला. ख्रिस्ती झालेल्याचा नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल तर कोर्टामार्फत विवाह मोडता यावा म्हणून १८६६ साली आणखी एक. म्हणजे तीन ओंजळी पाण्याने शेत, घर आणि बायको तिन्ही पणाला लागत होती. भाची विचारते काय बदलतं... तेव्हा विचारायची गरज नव्हती.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट तर आपल्या घराघरात माहीत आहे. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण मला त्या दिवसापेक्षा नंतरची पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने, बराच काळ पंढरपुरात राहिल्या. टिळकांनी १८६६च्या कायद्याचा आधार घेतला नाही, दुसरं लग्नही केलं नाही. वाट पाहिली. पुढे त्या नगरला आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं.

ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलंय त्यांना आठवेल, लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं भयंकर वेड होतं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा त्यांच्या घरात धुऊन घेतलं जाई. अशा घरातली ही मुलगी. तिने आधी स्वतःशीच वाद घातला की जाती देवाने केल्या की माणसाने. देवाने केल्या नाहीत असं पटल्यावर दुसऱ्यांच्या हातचं खाणं-पिणं सुरू झालं, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्या. आधी प्याल्यातलं पाणी, मग डोक्यावरचं. मला नेहमी वाटतं, त्यांचा खरा बाप्तिस्मा स्वयंपाकघरात झाला. चर्चमध्ये झाली ती त्याची साक्ष.

पंडिता रमाबाईंचं बरोबर उलट. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात केवढी खळबळ! आणि तिकडे या बाई ज्यांच्या मठात राहत होत्या त्या सिस्टर्सशीच पत्रांतून भांडत होत्या. शाकाहार सोडणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे? चर्च सांगेल ते डोळे मिटून मानणार नाही. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी स्वच्छ कबूल केलंय, की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला. इतक्या विद्वान बाईचं हे झालं, तर आपली काय कथा? पाणी एका दिवशी पडतं, त्याचा अर्थ भिनायला वर्षं लागतात.

आता आपल्याच माणसांचं सांगते. टिळक आणि रमाबाईंची नावं पुस्तकात आली, पण नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग वस्त्यांतून आले, १८७६-७८च्या दुष्काळानंतर तर मोठ्या संख्येने. आपलेही पूर्वज त्यातलेच. 'धान्यासाठी बाटले' हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला. त्यांच्याकडे शेत-वाडा नव्हताच, मग वारसा कसला बुडणार? पण बाप्तिस्मा झाला म्हणून गावची विहीर काही उघडली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे सरकारच्या कागदावर आपली जात धुतली गेली, गावाच्या डोळ्यात नाही. आणि खरं बोलायचं तर आपल्याही डोळ्यात नाही. स्थळ बघताना 'मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यातही हळूच विचारला जातोच ना? विचारणारे सगळे बाप्तिस्मा झालेले असतात.

इथे मला आजीची आठवण येते. लहानपणी पाण्यासाठी विहिरीपासून दूर उभं राहून कुणीतरी वरून ओतेल याची वाट पाहिलेली बाई ती. म्हातारपणी तिने ओट्यावर एक माठ ठेवला होता, आणि त्यावर एकच पेला. पोस्टमन, मोळीवाली, मिशनच्या मॅडम, सगळ्यांना तोच. कुणी वेगळा पेला मागितला तर म्हणायची, "पाणी देवाचं, पेला माझा. चालत नसेल तर पुढं नळ आहे." तिला पौल किती कळला होता माहीत नाही. पण भेद उरत नाही म्हणजे काय, ते मी त्या माठापाशी शिकले.

तर भाचे, माझं उत्तर असं. त्या पाण्याने बाळात दिसण्यासारखं काहीही बदलणार नाही. ते रात्री तसंच रडेल. बाप्तिस्मा हे वचन आहे, आणि लहान बाळाच्या वेळी ते वचन बाळ देत नाही, आपण देतो. या घरात कुणाचा पेला वेगळा असणार नाही, एवढं वचन द्यायची तयारी असेल तर खुशाल घे. नसेल तर थांब. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारी आणि मोठेपणीच देणारी अशा दोन्ही परंपरेची मंडळी त्यात एकत्र आली, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. तेव्हा थांबलीस म्हणून कुणी पाप लागेल असं म्हणू नये. (ताई, ऐकतेयस ना?)

आणि जावईबापूंची काळजी असेल तर एवढंच सांगते. ज्या टिळकांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावलं, त्यांनीच १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी ते गेले, आणि तो दरबार काही फार वाढला नाही. पण कल्पना अजून तिथेच आहे, कुणीतरी उचलायची वाट बघत.

असो. फारच लांबलं. ताई, रविवारी येते, तेव्हा भांडू.