झोपेचा बाजार : गिरणगावापासून मरोद्यापर्यंत

मरोद्याच्या तलावाचे पाणी भिलईच्या पोलाद कारखान्यास जाते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि या टापूतील माणसांच्या झोपेचा सूर्याशी असलेला करार तेव्हापासून मोडला. झोतभट्टी रात्रीपुरती विझवून ठेवता येत नाही. म्हणून आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. रात्रपाळीचा गृहस्थ सकाळी घरी येतो, पडदे ओढून निजू पाहतो, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजीत पडून राहतो.

त्याच्यासाठी आता बाजार सजला आहे. औषधांच्या दुकानात अश्वगंधेच्या गोळ्या आहेत, मेलाटोनिनच्या चघळावयाच्या वड्या आहेत, मन शांत करणारे चहा आहेत. ही नव्या युगाची नवी मागणी आहे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ही मागणी जुनी आहे, आणि तिचा एक अध्याय आपल्याच मराठी माणसांनी भोगलेला आहे.

झोपेचा उपाय पूर्वी घरातच होता. दुधात उगाळलेले जायफळ, खसखशीची खीर, तान्ह्यासाठी सहाणेवरची बाळगुटी, एवढ्यावर आजीचे वैद्यक चाले. जायफळाचे किती वेढे उगाळावयाचे हे तिला ठाऊक असे, कारण मूल तिच्याच मांडीवर असे. हा उपाय सहाणेवरून दुकानात गेला तो मुंबईच्या गिरणगावात.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी रत्नागिरी-साताऱ्याकडची कुटुंबे परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामास दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. पण अकरा तासही मूल घरी ठेवून काढावयाचेच होते. आजी गावी राहिलेली, नवरा गिरणीत, शेजारीण गिरणीत. मग मुलास निजवून जाण्यासाठी बाळागोळी आली. तिच्यात अफू असे.

अफूचा व्यापार मुंबईस अपरिचित नव्हता. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि त्या व्यापारावर या शहरातील मोठमोठी घरे उभी राहिली. पेट्या भरून परदेशी गेलेल्या त्या मालाची आपण इतिहासात नोंद घेतो. चाळीतल्या पाळण्यात गेलेल्या गुंजभर मालाची घेत नाही. गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बार्न्सबाईंनी १९२२ साली लिहून ठेवले की, कामगार स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांस अफू दिली जाते. हा आकडा वाचून आईस अडाणी म्हणणे सोपे आहे. पण जवळजवळ प्रत्येक आई एकच गोष्ट करते, तेव्हा तिचे कारण आईच्या अज्ञानात शोधावयाचे नसते. ते तिच्या दिवसाच्या रचनेत शोधावयाचे असते.

तसे शोधणारा एक मराठी माणूस त्यापूर्वीच होऊन गेला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि आठवड्यास एक दिवस विसावा मागितला. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी दुपारी निवांत आडवे होतो, तो रविवार असा मिळालेला आहे. पुढे १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूती-साहाय्य कायदा आला. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने मुलांस अफू देण्याच्या प्रकाराची दखल घेतली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले आणि आठवड्याच्या कामाची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली. आमच्या मते बाळागोळीवरचे खरे औषध हेच होते.

आता पुन्हा मरोद्याच्या दुकानातील त्या बाटलीकडे वळू. तिच्यातील अश्वगंधा, म्हणजे आपली आस्कंद, नीमच-मंदसोर भागात मोठ्या प्रमाणावर पिकते. परवान्याने होणारी अफूची लागवडही त्याच भागातील. एकाच मातीने दोन शतकांत झोपेची दोन पिके दिली! दोन्हींस एका मापाने मोजण्याचा अन्याय मात्र आम्ही करणार नाही. अश्वगंधा ही अफू नव्हे. वनस्पतिशास्त्रातील तिच्या नावातच ‘निद्रा आणणारी’ असा अर्थ आहे, आणि तिने झोप व ताण यांत थोडा उतार पडतो असे काही लहान प्रयोगांत आढळले आहे. तथापि यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी अशा पूरक पदार्थांस अन्नाच्या वर्गात बसविले आहे. त्यांनी रोग बरा होतो असे म्हणण्यास मज्जाव आहे. मेलाटोनिन तर शरीर अंधार पडला की स्वतःच तयार करते. उजेडाने ते ओसरते. रात्रभर दिव्याखाली उभे राहिलेल्या माणसास आपण दिवसा तेच विकत घ्यावयास सांगत आहो.

भट्टी विझवा, असे कोणी म्हणणार नाही. पण पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकल्या तर त्या शरीरास सोसतात, उलट फिरल्या तर जड जातात. दोन पाळ्यांमध्ये पुरेसा अवधी हवा. निजण्याची खोली काळोखी आणि शांत हवी. या गोष्टी बाटलीत मिळत नाहीत. त्या कचेरीत ठरतात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मेजावर पाळीपत्रक सहीसाठी येत असेल. सही करण्यापूर्वी त्यांनी लोखंड्यांची एकदा आठवण करावी, एवढेच आमचे मागणे आहे.